भिंगामागचा डोळा

अख्ख्या गल्लीचा तो मामा. खरं म्हणजे मामा तो एकाच पोरीचा. पण ती पोरगी शाळा सुटली की त्याच्या दुकानाच्या दारात उभी राहून "मामा, मामा" असा धोशा लावायची, त्यामुळे सत्तरीचे म्हातारेसुद्धा त्याला मामाच म्हणायला लागले. दुकान चष्म्यांचं, म्हणून भिंगमामा. आणि पोरगी दोन मिनिटं एका जागी टिकायची नाही, सतत गरगर, म्हणून ती भिंगरी. भिंगमामा आणि भिंगरी! जोडी अशी जमली की दोघांची खरी नावं फक्त कागदोपत्री उरली.

दुकान म्हणजे काय, समोरून कुणी आलं तर आपण पोट आत घ्यावं एवढी जागा. तीन भिंतींवर फ्रेमा, चौथीवर अक्षरांचा तक्ता. काउंटरमागे गरम वाळूचा डबा. फ्रेमची दांडी त्यात खुपसायची, मऊ झाली की बोटांनी वाकवायची आणि फुंकर मारून गिऱ्हाइकाच्या कानावर चढवायची. मागच्या खोलीत भिंग घासायचं चाक आणि त्याची ती दात शिवशिवणारी घरघर. भिंगरीला तो आवाज फार आवडायचा. आवडायला नेमकं तेच सापडतं पोरांना.

माणूस तसा तिरसट. कुणी चष्मा डोक्यावर चढवून आत आला की हा भडकलाच. "तिथं कशाला ठेवलाय? टाळूला वाचता येतं का तुमच्या?" एकदा एका वकिलाला त्याने यावरून हाकलून दिलं होतं. वकील दुसऱ्या दिवशी परत आला, कारण भिंगमामासारखी फ्रेम बसवणारा माणूस आसपास दुसरा नव्हता. नंबर काढणारे पुष्कळ असतात हो. पण चष्मा नाकावर असा बसवायचा की घातलाय हे माणसाने विसरून जावं, ते येरागबाळ्याचं काम नाही. "टोचतंय", "घसरतंय", "कानामागे लागतंय" असं म्हणत गिऱ्हाईक परत आलं की त्याला तो स्वतःचा अपमान वाटायचा.

आणि या कामामागे त्याचं एक ठाम मत होतं. ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. "अहो, एकाही माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एक कान वर, एक खाली. सरळ नाक तर मी आजवर बघितलं नाही. पण आपण चेहऱ्याच्या वाटेला जायचं नाही. चेहरा आहे तो बरोबर आहे असं धरायचं, आणि वाकवायची ती फ्रेम." पंचवीस वर्षं हे मत त्याने पोटापाण्यासारखं जपलं, आणि पंचवीस वर्षं ते बरोबरच निघालं.

भिंगरीची आई म्हणजे त्याची थोरली बहीण. मेहुणे अपघातात गेले तेव्हा भिंगरी दीड वर्षाची होती. ताई पोरीला कडेवर घेऊन भावाकडे आली आणि तिथलीच झाली. भावाने लग्न केलं नव्हतं. कोण करणार या तिरसटाशी, असं ताईच म्हणायची. ती एका शर्टांच्या कारखान्यात तपासणीला होती. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, कॉलरची दोन टोकं सारखी आहेत का बघायची, नसली तर बाजूला फेकायचा. दिवसाला चारशे शर्ट. घरात ती कमी बोलायची आणि भाऊ जे म्हणेल त्याला मान डोलवायची. डोळ्यांच्या बाबतीत तर त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

भिंगरीला पाचव्या वर्षीच चष्मा लागला होता. दोन्ही डोळ्यांना अधिक दोन. आठवं लागलं त्या वर्षीची गोष्ट. एका दुपारी ती दुकानात आली आणि दप्तर फेकून म्हणाली, "मामा, डावी पापणी काचेला लागतेय. डोळा मिटला की गुदगुल्या होतात."

"पापण्या वाढल्या असतील. सिनेमात जा आता," तो म्हणाला. चष्मा काढून घेतला, हातात फिरवून पाहिला. फ्रेम सरळ होती. तरी त्याने दांडी गरम केली, डावी बाजू किंचित पुढे काढली, नाकावरची डावी चकती थोडी वाकवली. चष्मा घालून भिंगरीने पापण्या फडफडवल्या. "नाही लागत!" झालं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड असायचं, तसं तिचंही होतं. त्यावर त्याने तारीख घातली आणि लिहिलं: डावी बाजू दोन मिलिमीटर पुढे.

बारा दिवसांनी ती म्हणाली, फळ्यावरचं डाव्या डोळ्याने पुसट दिसतं. त्याने तिला तक्त्यासमोर बसवलं, पेटीतली भिंगं एकेक घालून पाहिली. उजवा होता तसाच. डावा अधिक तीन. पोरांचा नंबर बदलतोच. पण अधिकचा नंबर वाढत्या वयात कमी होतो, वाढत नाही, हे त्याला आपल्या बोटांइतकं माहीत होतं. क्षणभर त्याचा हात थांबलाही. मग तो स्वतःशीच म्हणाला, मागच्या खेपेला आपणच कमी काढला असेल. आणि त्याने नवं भिंग घासलं. भिंगरी शेजारी उभी राहून चाकाच्या आवाजात आवाज मिसळून ओरडत होती, आणि तो "कान किटले, जा बाहेर!" म्हणून हसत होता.

त्यानंतर आठवड्याभराने ताईने विचारलं. संध्याकाळी जेवण चाललं होतं. "अरे, हिचा डावा डोळा मोठा दिसतोय का?"

आता इथे नीट ऐका, कारण सगळं इथेच फिरलं. अधिक नंबराचं भिंग म्हणजे एक प्रकारचा मोठं दाखवणारा काचेचा तुकडाच. त्याच्यामागचा डोळा खरोखरच मोठा दिसतो. यात खोटं काही नाही. भिंगमामा उठला, पेटीतून अधिक तीनचं भिंग घेऊन आला आणि वर्तमानपत्रावर धरलं. "बघ, अक्षर केवढं झालं? तसाच डोळा. डाव्या बाजूचं भिंग जाड आहे, म्हणून तो डोळा मोठा. एवढंही कळत नाही? चष्मेवाल्याची बहीण ना तू?"

ताई हसली. "तू म्हणतोस तर तसंच असेल," म्हणाली आणि भिंगरीच्या ताटात अजून थोडा भात वाढला.

मग पापणी पुन्हा काचेला लागायला लागली. त्याने पुन्हा फ्रेम वाकवली. या वेळी कार्डावर लिहिलं, चार मिलिमीटर. आरशात पाहिलं तर फ्रेम पोरीच्या तोंडावर इतकी नेटकी बसली होती की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. एकही माणूस म्हणाला नसता की तिच्यात काही वाकडं आहे. हाताचं कसब होतं ते! एवढं कसब पणाला लावून त्याने तो डोळा सगळ्यांपासून लपवला, स्वतःपासूनसुद्धा. पुढे पापणीला थोडी सूज आली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बघून थेंब दिले, धूळ गेली असेल म्हणाले.

मग एक दिवस भिंगरी काउंटरवर वाकून चित्र काढत होती. चष्मा काढून बाजूला ठेवला होता, कारण तो तिच्याच चित्रासाठी नमुना म्हणून बसला होता. भिंगमामा वरची फ्रेम काढायला स्टुलावर चढला आणि सहज खाली बघितलं. वरून तिचं कपाळ दिसत होतं, कपाळाखाली उजव्या डोळ्याच्या पापण्यांची नुसती टोकं. आणि डावीकडे पापण्या, पापणीचा फुगवटा, बुबुळाची कडसुद्धा. डोळा खोबणीतून पुढे आला होता, कुणीतरी मागून ढकलल्यासारखा.

हातातली फ्रेम खाली पडली.

"मामा, फोडलीस ना!" भिंगरी मान वर करून हसली.

तो खाली उतरला, तिला तसंच उचललं आणि शटरही न ओढता रिक्षात बसला. कारखान्यात ताईला निरोप धाडला. मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनीही तिला खुर्चीत बसवून मागे उभं राहून वरूनच पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदललेला त्याने पाहिला. ताई तोवर धापा टाकत पोचली होती.

"डोळा असा कधीपासून आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

ताईने भावाकडे पाहिलं. डोळ्यांचं उत्तर तोच देणार ना! आणि भिंगमामा म्हणाला, "आठ-दहा दिवस."

का म्हणाला? तोंडातून निघून गेलं, बस. खोटं बोलायचं ठरवून तो आला नव्हता. ताई शेजारी उभी होती, पोरगी खुर्चीत पाय हलवत होती, आणि खरं उत्तर त्याला देववेना. डॉक्टरबाईंनी दहा दिवस असं लिहून घेतलं.

डोळ्यामागे गाठ निघाली. रक्त तपासलं तर ते जवळजवळ चांगलं, म्हणून दोन दिवस सगळ्यांना हायसं वाटलं. मग गाठीचा बारीक तुकडा काढून तपासला, कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली, आणि डॉक्टरबाईंनी दोघांना आत बसवून दार लावून घेतलं. "हा रक्ताचा कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्याचा नाही. पुष्कळदा आधी ताप येतो, पोर फिकं पडतं, अंगावर निळे डाग उठतात. पण एखाद्या मुलात रक्तात नीट दिसायच्या आधीच तो गाठ होऊन डोळ्यामागे बसतो. तिच्या डोळ्याने आपल्याला आधी सांगितलं, असं समजा."

आधी सांगितलं! भिंगमामाच्या कानात तेच घुमत राहिलं. त्या दिवशी दुकानात जाऊन त्याने भिंगरीचं कार्ड काढलं आणि पहिल्या तारखेपासून दवाखान्यात नेलं त्या दिवसापर्यंत बोटांवर दिवस मोजले. त्रेचाळीस.

औषध सुरू झालं आणि बाराव्या दिवशी डोळा आत गेला. अगदी होता तसा! भिंगरीला वाटलं, संपलं आजारपण. तिला सांगावं लागलं की आता खरी सुरुवात आहे. केस गेले, तोंडात फोड आले, पाणी गिळताना रडायची. पण जरा उतार पडला की जीभ पुन्हा सुरू. सलाइनच्या दांड्याला तिने 'लंबूशेट' नाव ठेवलं होतं आणि परिचारिकांना बजावलं होतं की लंबूशेटना धक्का मारायचा नाही, त्यांना राग येतो. मामा रोज दुपारी दुकान बंद करून यायचा आणि तोंड पाडून बसायचा. "मामा, तू जा बघू घरी," ती म्हणायची. "तुझ्याकडे बघून मलाच आजारी वाटतं."

आणि ताई? ताई एक नवीनच गोष्ट करायला लागली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, शेजारणीला, कारखान्यातल्या बायकांना, भिंगरीच्या शाळेतल्या बाईंना ती सांगायची, "माझा भाऊ चष्मेवाला आहे ना, म्हणून कळलं. त्याने नुसतं वरून बघितलं आणि ओळखलं. दुसऱ्या कुणाच्या लक्षात तरी आलं असतं का?" लोक त्याच्याकडे कौतुकाने बघायचे. वकील मुद्दाम दुकानात येऊन त्याचा हात हातात घेऊन गेला, आणि चष्मा नाकावर ठेवून आला होता. मामाला तोंड लपवायला जागा पुरेना. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, आता सांगून टाकू. प्रत्येक वेळी ताईचा चेहरा बघून तो मान खाली घालायचा.

शेवटी एक दिवस तो एकटाच डॉक्टरबाईंकडे गेला आणि उभ्याउभ्याच सगळं ओकला. त्रेचाळीस दिवस, दोनदा वाकवलेली फ्रेम, नंबर, सगळं. म्हणाला, "त्या दिवसांत आणलं असतं तर?"

"औषध हेच दिलं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फरक पडला असता की नाही, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही." निदान शिवी तरी खावी म्हणून आलेला माणूस तसाच परत गेला.

दुकानात तो आता वेगळाच झाला. कुठल्याही पोराचा चष्मा असो, पोराला स्टुलावर बसवून मागे जाऊन वरून बघायचा. पट्टी लावून मोजायचा. जरा शंका आली की, "मी काच लावणार नाही. आधी डॉक्टरकडे न्या." चार आयांनी पोरांना नेलं, चौघींच्या पोरांना काही निघालं नाही. त्यातली एक परत येऊन भांडली. "दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही आमच्या! डोकं फिरलंय तुमचं." तो म्हणाला, "फिरलंयच," आणि तिच्या मुलाच्या चष्म्याचा सैल झालेला स्क्रू आवळून दिला.

सात महिन्यांनी आजार परत आला. या वेळी डोळ्यात नाही, सरळ रक्तात. कॅन्सरच्या डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं. भिंगरी दिवसेंदिवस जास्त झोपायला लागली. जागी असली की हळू आवाजात काहीबाही सांगायची. एकदा म्हणाली, "मामा, मी मोठी झाल्यावर दुकान माझं ना?" तो म्हणाला, "तुझंच." "मग चाक बाहेरच्या खोलीत ठेवू. लोकांना पण ऐकू दे." त्या आठवड्यात तिला जंतुसंसर्ग झाला, ताप उतरेना, आणि एका सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. नऊ वर्षांची पुरती झाली नव्हती.

माणसं आली, गेली. महिना गेला. ताई पुन्हा कारखान्यात जायला लागली. सुट्टीचा दिवस होता, दोघं भाऊ-बहीण दुपारी स्वयंपाकघरात बसली होती. शेजारची नवी बिऱ्हाडकरीण साखर मागायला आली होती आणि ताई तिला नेहमीचंच सांगत होती, "याच्या नजरेमुळे लवकर कळलं हो. नाहीतर..."

शेजारीण गेली. भिंगमामाने कप खाली ठेवला.

"ताई, लवकर नाही कळलं," तो म्हणाला. "मी दहा दिवस म्हणालो ते खोटं होतं. त्रेचाळीस दिवस होते. माझ्या हाताला कळत होतं. डोळा पुढे येत होता आणि मी फ्रेम पुढे काढत होतो. तू विचारलंस, तर तुला भिंग दाखवून गप्प बसवलं. मीच घालवली पोरीला."

त्याला वाटलं, आता ही ओरडेल, ताट फेकेल, घराबाहेर काढेल. काढायलाच हवं होतं. ताई ओरडली नाही. ती साखरेच्या डब्याचं झाकण लावत होती, ते लावून झालं.

"भिंगरी चष्मा काढून झोपायची," ती म्हणाली.

त्याला कळेना.

"झोपेत चष्मा नसायचा ना तिला. भिंग नाही, काही नाही. मी शेजारी पडलेली असायचे. डावा डोळा तेव्हाही मोठाच असायचा. नीट मिटायचाही नाही, फट राहायची. तू मला ते अक्षर मोठं करून दाखवलंस ना, त्याच दिवशी मी नीट पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" त्याचा आवाज चिरकला. "अगं, बोलली का नाहीस मला?"

"काही नाही असं कुणीतरी म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ते तू म्हणालास." मग ती भरभर बोलली, इतक्या महिन्यांचं एका दमात. "डॉक्टरबाईंना तू दहा दिवस म्हणालास तेव्हा मी तुझ्याच शेजारी उभी होते. मला माहीत होतं किती दिवस ते. मी गप्प बसले. कोण विचारेल म्हणून सारखी भीती वाटायची मला, की तू आई ना, तुला कसं दिसलं नाही? म्हणून ज्याला-त्याला सांगत सुटले, माझ्या भावाने ओळखलं, लवकर ओळखलं. तुझं कौतुक नव्हतं रे ते. माझी मीच सुटका करून घेत होते. आणि तू मान खाली घालून ऐकत बसायचास, तेव्हा मला वाटायचं, बरं झालं, याला वाटतंय याचंच चुकलं."

भिंगमामाला राग यायला हवा होता, तो येईना. इतके दिवस त्याला वाटत होतं की ते ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आहे; आणि ती समोर बसून रोज बघत होती.

मग तो रडला. पोरगी गेली त्या सकाळीही तो रडला नव्हता, आता गुडघ्यांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. ताईने त्याला जवळ घेतलं नाही. पण ती उठूनही गेली नाही. ओट्याला पाठ लावून तिथेच बसून राहिली.